पावावरची लव

जुलैतली सकाळ. बोरिवलीला काय आणि मुलुंडला काय, रात्रभर पाऊस कोसळून गेलेला असतो. भिंतीला हात लावला तर ओलसर लागतो, बरणीतलं मीठ घट्ट बसलेलं असतं. चहाबरोबर खायला म्हणून कालची पावाची लादी उघडावी, तर कडेच्या पावावर पांढरी लव. रात्री ती नव्हती. आपण 'पाव गेला' म्हणतो, पिशवीला गाठ मारतो आणि कचऱ्यात टाकतो.

एकदा तो टाकू नका. काचेच्या बरणीत ठेवून झाकण घट्ट लावा, ते पुन्हा उघडू नका, आणि साधं भिंग घेऊन बाहेरून बघा. लवेतले काही तंतू पावावर आडवे धावतात. थोड्या थोड्या अंतरावर त्यांना खाली मुळांसारखे फुटवे येतात आणि तिथूनच वर सरळ दांडे उभे राहतात. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरीची रोपं आडवे धागे टाकत वाफाभर पसरतात, अगदी तशी ही पसरण. दुसऱ्या दिवशी प्रत्येक दांड्याच्या टोकाला टाचणीच्या डोक्याहूनही लहान गोळा धरतो. आधी पांढरा, मग काळा. त्या एका गोळ्यात हजारो बीजाणू असतात, आणि गोळा फुटला की हवेची झुळूकही त्यांना घरभर न्यायला पुरते. या बुरशीचं नाव ऱ्हायझोपस. ग्रीक भाषेतल्या 'मूळ' आणि 'पाय' या दोन शब्दांपासून ते झालं आहे. मुळांचे पाय असलेली ती ऱ्हायझोपस.

१६६५ साली लंडनमध्ये रॉबर्ट हुक नावाच्या माणसाने हेच केलं होतं. मेंढीच्या कातड्याचं लाल आवरण असलेल्या एका छोट्या पुस्तकावर त्याला बुरशीचा ठिपका दिसला. त्याने तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि जे दिसलं ते रेखाटून ठेवलं. बारीक देठ आणि प्रत्येक देठावर एक गोळा, जणू सूक्ष्म फुलांचं शेत. माणसाने काढलेल्या सूक्ष्मजीवांच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी हे एक, आणि चित्रातली बुरशी म्युकर होती, आपल्या पावावरच्या ऱ्हायझोपसची सख्खी नातलग. पावसाळ्यात कपाटातल्या चामडी पट्ट्यावर, बुटांवर, जुन्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यावर बुरशी धरते तेव्हा आपण नाक मुरडतो. माझ्या मनात मात्र दर वेळी हुक येतो. त्या माणसाने नाक मुरडलं नाही, डोळा जवळ नेला.

त्यानंतर १७२९ साली छापलेल्या ग्रंथात फ्लॉरेन्सच्या मिकेली या वनस्पतिशास्त्रज्ञाने आपला प्रयोग मांडला. त्याने बुरशीचे बीजाणू कलिंगडाच्या जातीच्या फळांच्या ताज्या फोडींवर पेरले आणि जे पेरलं तेच उगवलं. बुरशी सडण्यातून आपोआप जन्मते असं सगळे मानत होते त्या काळातली ही गोष्ट. म्युकर हे नावही त्याच ग्रंथातून रूढ झालं.

हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरात पोचायला मात्र कोविडच्या दुसऱ्या लाटेतला २०२१चा मे महिना उजाडावा लागला. 'त्यांना म्युकर झालाय' हे वाक्य तेव्हा अंधेरीच्या मेडिकलच्या रांगेत, घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयाबाहेर, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दबक्या आवाजात बोललं जात होतं. ज्या कुळाची लव आपण पावावर रोज पाहतो, तेच कूळ माणसाच्या नाकातून डोळ्यात आणि डोळ्यातून मेंदूत कसं शिरलं?

सुरुवात या प्रश्नाच्या उलट बाजूने करावी लागते. ती इतक्या वर्षांत शिरली का नाही?

कारण बीजाणू सगळीकडे आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सागाच्या पानांचा पाचोळा कुजतो तिथे, गटाराकाठच्या ओल्या मातीत, भाजीवाल्याच्या सडक्या टोमॅटोवर, कुंड्यांत. गोरेगावच्या आरे वसाहतीतल्या तबेल्यांत शेणाचे ढीग असतात. शेणावर याच कुळातली पायलोबोलस नावाची बुरशी उगवते. तिचा दांडा प्रकाशाच्या दिशेला वळतो, टोकाखालचा फुगा पाण्याच्या दाबाने तटतटतो आणि फुटतो. त्यावर बसलेला काळा बीजाणूकोष दोन मीटरपर्यंत उडतो. दांड्याची उंची बहुधा सेंटिमीटरभरच असते. उडतानाचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट असतं. जनावर आपल्या शेणाजवळचं गवत खात नाही, म्हणून ही खटपट. बीजाणू लांबच्या स्वच्छ गवतावर पडला पाहिजे, गवताबरोबर पोटात गेला पाहिजे आणि पुन्हा ताज्या शेणात बाहेर आला पाहिजे. मेंदू नाही, स्नायू नाही, आणि हा नेम.

अशा जगात आपण श्वास घेतो. दिवसभरात शेकडो बीजाणू, कुठल्या ना कुठल्या बुरशीचे, आपल्या नाकात जातात. जन्मल्यापासून. काहीही होत नाही.

याचं पहिलं कारण मला सगळ्यांत विलक्षण वाटतं, आणि ते म्हणजे आपली ऊब. बहुतेक बुरश्यांना १२ ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यानचं जग आवडतं. आपण ३७ अंशांवर जगतो. आर्तुरो कासादेवाल आणि विन्सेंट रोबेर या शास्त्रज्ञांनी २००९ साली हजारो बुरश्यांच्या वाढीची तापमानं तपासली. ३० अंशांच्या वर प्रत्येक अंशाला सुमारे ६ टक्के बुरश्या गळून पडतात असं त्यांना दिसलं. पुढच्याच वर्षी कासादेवाल यांनी एका सहकाऱ्याबरोबर गणित मांडलं. शरीर गरम ठेवायला अन्न जाळावं लागतं, तो खर्च एका पारड्यात. उबेमुळे टळणाऱ्या बुरश्या दुसऱ्या पारड्यात. दोन्ही पारडी जिथे बरोबर तुलतात ते तापमान निघालं ३६.७ अंश. लहान मुलाच्या कपाळाला हात लावून आई ज्या उबेचा अंदाज घेते, ती ऊब ही एक भिंतसुद्धा आहे.

ज्यांच्याजवळ ही भिंत नाही त्यांचं काय होतं ते बेडकांनी दाखवलं. थंड रक्ताच्या बेडकांच्या कातडीवर एक बुरशी जगभर पसरली आणि गेल्या अर्धशतकात उभयचरांच्या किमान ५०० प्रजातींची संख्या तिच्यामुळे घटली. काही प्रजाती कायमच्या गेल्या.

आता पुन्हा पावाकडे येऊ. पावावर हमखास दिसणारी ऱ्हायझोपस स्टोलोनिफर ३७ अंशांवर वाढत नाही. आपली ऊब तिला पुरून उरते. तिचीच एक बहीण आहे, ऱ्हायझोपस अॅऱ्हायझस. दिसायला जवळपास तशीच, मातीत आणि कुजक्या फळांवर तशीच राहणारी. पण ती ४० अंशांनाही डगमगत नाही. भारतात म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे लोक ज्याला नुसतं म्युकर म्हणतात त्या आजाराच्या, रुग्णांत सर्वांत जास्त सापडते ती हीच बहीण. एकीला भिंतीने अडवलं आणि दुसरी भिंत चढून आली. दोघींत फरक काय, तर थोडीशी उष्णता सोसण्याचा.

भिंत चढून आलेलीलाही आत दुसरा पहारा भेटतो. फुप्फुसात आणि सायनसमध्ये बसलेल्या भक्षकपेशी बीजाणूला गिळतात आणि त्याला मोड फुटू देत नाहीत. एखाद्याला फुटलाच, तर न्यूट्रोफिल नावाच्या श्वेतपेशी त्या तंतूवर तुटून पडतात. तिसरा बंदोबस्त लोखंडाचा. वाढायला बुरशीला लोह लागतं आणि आपल्या रक्तात लोह भरपूर आहे, पण मोकळं जवळजवळ नाहीच. ट्रान्स्फेरिन नावाचं प्रथिन ते पकडून ठेवतं. शेजारणीने दागिने घरात कपाटात कुलूप लावून ठेवावेत आणि एकही बाहेर दिसू देऊ नये, तसा हा कारभार.

ऊब, पहारा आणि कुलूप. यांतलं दुसरं आणि तिसरं एकाच वेळी ढिलं पडलं की म्युकर होतो.

मधुमेह खूप वाढला, रक्तात कीटोन साचले, की रक्त आम्लाकडे झुकतं. आम्लात ट्रान्स्फेरिनची पकड सुटते आणि लोह मोकळं होतं. साखर चढलेली असली की श्वेतपेशी मंदावतात. त्यात ऱ्हायझोपसला साखर आवडते आणि तिच्याजवळ कीटोनही पचवायची सोय आहे. ज्या रक्ताने माणूस बेशुद्धीकडे चाललेला असतो, तेच रक्त तिला पंगतीचं ताट वाटतं. लोहाचा हा धागा डॉक्टरांच्या हाती एका दुःखद अपघाताने लागला. १९८०च्या दशकात डायलिसिसवरच्या काही रुग्णांना शरीरातला जास्तीचा धातू बाहेर काढण्यासाठी डेफेरॉक्सामिन नावाचं औषध देत असत, आणि त्यांच्यात म्युकर दिसू लागला. औषध लोह पकडत होतं हे खरं, पण ऱ्हायझोपस ते औषधाच्या हातातूनच घेत होती.

लॉस एंजेलिसजवळच्या लुंडक्विस्ट संस्थेतले अश्रफ इब्राहिम आणि त्यांचे सहकारी आणखी खोलात गेले. रक्तवाहिन्यांना आतून जे अस्तर असतं, त्याच्या पेशींवर जीआरपी७८ नावाचं प्रथिन असतं. ऱ्हायझोपसच्या बीजाणूवर कॉटएच नावाचं प्रथिन असतं. दोघांची गाठ कुलूप-किल्लीसारखी बसते आणि बुरशी रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरते. यातली खरी चकित करणारी गोष्ट अशी की साखर, मोकळं लोह आणि कीटोन वाढले की कुलपांची संख्याही वाढते आणि किल्ल्यांचीही. शरीर बिघडलं की दारं वाढतात आणि बुरशीला हात वाढतात.

पुढचं फार वेगाने घडतं. प्रयोगशाळेत ही बुरशी काचेच्या बशीत पेरली तर दोन-तीन दिवसांत बशी भरून झाकणाला टेकते. तिथले लोक हिच्या कुळाला गमतीने 'झाकण उचलणारी' म्हणतात. हाच वेग माणसाच्या गालामागच्या पोकळीत असतो. तंतू रक्तवाहिनीत शिरतात, रक्त गोठतं, पुढच्या भागाचा पुरवठा तुटतो, तिथलं मांस आणि हाड मरतं, आणि मेलेलं काळं पडतं. काळा रंग त्या मेलेल्या भागाचा. शरीरात शिरलेली बुरशी स्वतः काळी नसते. सूक्ष्मदर्शकाखाली ती रुंद, पारदर्शक फितीसारखी दिसते, जवळजवळ काटकोनात फांद्या फुटलेली. म्हणून 'काळी बुरशी' हे नाव मुळातच चुकीचं. त्या मे महिन्यात पुढे 'पांढरी' आणि 'पिवळी' बुरशीही निघाली आणि लोक रंगांनाच घाबरू लागले.

हा आजार कोविडने जन्माला घातला असं अनेकांना वाटतं. पण माणसातल्या म्युकरचं स्पष्ट वर्णन आर्नोल्ड पाल्टाउफ या विकृतिशास्त्रज्ञाने १८८५ सालीच केलं होतं. आणि भारत या आजाराचं फार जुनं घर आहे. चंडीगडच्या पीजीआय संस्थेतले डॉ. अरुणालोके चक्रवर्ती यांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं. त्यांच्या गटाच्या अंदाजाप्रमाणे भारतातलं म्युकरचं प्रमाण प्रगत देशांच्या सत्तर-ऐंशी पट आहे. पाश्चात्त्य देशांत हा मुख्यतः रक्ताचा कर्करोग झालेल्यांना आणि अवयवरोपण झालेल्यांना होतो. आपल्याकडे तो येतो मधुमेहाचं बोट धरून. कोविडच्या आधी, २०१६-१७ मध्ये भारतातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून ४६५ रुग्णांची नोंद केली. त्यांतल्या ७३ टक्क्यांहून जास्त लोकांना मधुमेह होता. म्युकर झाल्यावरच आपल्याला मधुमेह आहे हे पहिल्यांदा कळलं, असे रुग्णही आपल्या डॉक्टरांना नवीन नाहीत.

आपला देश केवढ्या साखरेवर बसला आहे हे आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीतून २०२३ साली समोर आलं. मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख, आणि त्याच्या उंबरठ्यावर आणखी १३ कोटी ६० लाख. कोविड आला तेव्हा कुलपं आधीच सैल होती.

१६ जून २०२० रोजी ऑक्सफर्डहून चांगली बातमी आली. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टिरॉइड व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने आणि नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांचे एकपंचमांशाने कमी करतं. मात्रा साधी होती, दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना काही फायदा नाही, हेही त्याच अभ्यासाने सांगितलं होतं. या औषधाने असंख्य जीव वाचवले, आणि म्युकरची गोष्ट सांगताना हे विसरणं अन्याय होईल. पण दुसरी लाट आली तेव्हा घरोघर ताप होता, खाटा मिळत नव्हत्या, आणि एकाच्या औषधाच्या चिठ्ठीचा फोटो दहा घरांत फिरत होता. ऑक्सिजन उत्तम असलेल्या माणसांनी पहिल्या दिवसापासून स्टिरॉइड घेतलं. काहींना मोठ्या मात्रेत, काहींना आठवडेच्या आठवडे मिळालं. स्टिरॉइड साखर चढवतं आणि पहारेकऱ्यांना गुंगी आणतं. कोविडचा विषाणू स्वतः रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतो. तिन्ही गोष्टी एका शरीरात एकाच आठवड्यात जमल्या.

खरं तर इशारा आधीच मिळाला होता. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत देशातल्या १६ केंद्रांत म्युकरचे २८७ रुग्ण नोंदले गेले, त्यांतले १८७ कोविडशी जोडलेले. आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा म्युकर दुपटीहून वाढलेला होता. एप्रिल अजून यायचा होता.

एप्रिल आणि मे. शीव रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागाच्या तेव्हाच्या प्रमुख डॉ. रेणुका ब्राडू यांनी मे महिन्यात सांगितलेला हिशेब असा होता: एरवी वर्षाला सहा रुग्ण, आता दोन महिन्यांत २४. त्यांतल्या ११ जणांचा एक डोळा गेला, सहा जण दगावले. बहुतेक मधुमेही, मध्यम वयाचे, कोविडमधून बरे होऊन दोनेक आठवडे झालेले. हा शेवटचा तपशील मला आजही अस्वस्थ करतो. ही माणसं बरी होऊन घरी आली होती. मुलुंडच्या किंवा गोरेगावच्या जम्बो कोविड केंद्रातून सुटून सोसायटीत परतलेल्यांचं लोक टाळ्या वाजवून स्वागत करत होते. मग एका बाजूचा गाल दुखू लागायचा.

२० मे २०२१ रोजी केंद्राने राज्यांना म्युकरमायकोसिसची नोंद बंधनकारक करायला सांगितलं, साथरोग कायद्याखाली. हा कायदा १८९७ सालचा. १८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग निघाला आणि त्या धास्तीतून तो जन्मला. सव्वाशे वर्षांनी त्याच शहराला तो एका बुरशीसाठी लागला, आणि ही बुरशी तर एका माणसाकडून दुसऱ्याला होतही नाही. रुग्णाच्या उशाशी बसलेल्या नातेवाइकाला तिच्यापासून काहीही धोका नसतो. २८ जूनपर्यंत देशात ४०,८४५ रुग्ण नोंदले गेले, ३,१२९ मृत्यू. महाराष्ट्र आणि गुजरात सर्वांत पुढे होते. रुग्णांपैकी ८५ टक्क्यांना कोविड झालेला होता, ६४ टक्क्यांना मधुमेह होता, निम्म्याहून जास्त लोक स्टिरॉइडवर होते.

आणि औषध मिळत नव्हतं.

त्या औषधाची जन्मकथा एखाद्या लोककथेसारखी आहे. दक्षिण अमेरिकेत, व्हेनेझुएलात ओरिनोको नदीच्या खोऱ्यातून मातीचा एक नमुना अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत आला. त्या मातीत स्ट्रेप्टोमायसिस जातीचा एक जिवाणू होता, आणि तो शेजारच्या बुरश्यांना मारण्यासाठी एक रसायन बनवत होता. १९५०च्या दशकात ते रसायन वेगळं काढलं, तेच अँफोटेरिसिन बी. मातीत कोट्यवधी वर्षं चाललेल्या भांडणातलं एक हत्यार माणसाने उचललं. बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. अँफोटेरिसिन तोच ओढून काढतं आणि आवरण गळू लागतं.

मग जिवाणूंवर जशी डझनांनी औषधं आहेत तशी बुरशीवर का नाहीत? कारण बुरशी आपली नातेवाईक आहे. ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिलो होतो. आळंबी भाजीवाल्याकडे पालेभाजीशेजारी बसते म्हणून आपण तिला वनस्पती समजतो. प्रत्यक्षात जीवसृष्टीच्या वंशवृक्षात बुरशीची फांदी वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या फांदीला जवळ आहे. अब्जभर वर्षांपूर्वी आपले आणि तिचे पूर्वज एक होते. तिच्या पेशी आपल्या पेशींसारख्या चालतात, म्हणून तिला मारणारं बहुतेक विष आपल्यालाही बाधतं. तिच्या अर्गोस्टेरॉलच्या जागी आपल्याकडे कोलेस्टेरॉल आहे, आणि दोघांत फरक इतका थोडा की साधं अँफोटेरिसिन मूत्रपिंडांना दुखापत करतं. म्हणून ते चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत गुंडाळून दिलं जातं. त्याला लिपोसोमल म्हणतात.

त्याची मात्रा वजनाच्या दर किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा व्हायल. रोज. तीन आठवडे चालवायचं तर १२६ व्हायल. त्या वेळी एका व्हायलची किंमत सात हजारांच्या घरात सांगितली जात होती. गुणाकार तुम्हीच करा, आणि मग एखाद्या रिक्षावाल्याचं घर डोळ्यांसमोर आणा. राज्याने हा आजार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत घेतला, वर्ध्याच्या एका कारखान्यात मेअखेर अँफोटेरिसिनचं इंजेक्शन तयार होऊ लागलं, १२ जूनला जीएसटी परिषदेने त्यावरचा कर शून्यावर आणला. प्रत्येक पाऊल गरजेचं होतं, आणि प्रत्येक पावलाआधी कुणाचा तरी एकेक दिवस जात होता. या आजारात एक दिवस फार मोठा असतो.

नुसतं औषध पुरतही नाही. रक्तवाहिनी बुजलेली असते, त्यामुळे रक्तातून दिलेलं इंजेक्शन मेलेल्या भागापर्यंत पोचतच नाही. तो भाग कापूनच काढावा लागतो. नाकातून दुर्बीण घालून सायनस खरवडतात, कधी वरचा जबडा काढतात, कधी मेंदू वाचवण्यासाठी डोळा. टाळू गेला की तोंड आणि नाक एक होतं, घोटलेलं पाणी नाकातून येतं, बोललेलं कुणाला कळत नाही. मग दंतवैद्य त्या पोकळीच्या मापाची कवळीसारखी झडप बनवतात. ती बसवल्यावर माणूस पुन्हा भात खातो, पुन्हा नातवाला हाक मारतो. २०२१च्या बातम्यांत डोळे काढल्याचे आकडे आले. या झडपा बनवणाऱ्या हातांबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

लाट ओसरली तसे रुग्णही कमी झाले. ऱ्हायझोपस कुठेही गेलेली नाही. ती आजही तुमच्या पावावर आहे.

एका नव्या बुरशीचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. २००९ साली टोकियोत एका ७० वर्षांच्या बाईंच्या कानातून कॅन्डिडा ऑरिस नावाचं यीस्ट सापडलं. त्याआधी ते कुणाला ठाऊक नव्हतं. थोड्याच वर्षांत ते एकमेकांपासून दूरच्या खंडांत, वेगवेगळ्या वंशांत, जवळपास एकदम उगवलं. दिल्लीतल्या डॉ. अनुराधा चौधरी यांनी भारतातल्या रुग्णालयांत ते ओळखलं, आणि पुढे त्यांच्याच गटाने ते अंदमानच्या किनाऱ्यावरच्या निसर्गातही शोधून काढलं. म्युकरसारखं ते एकट्या माणसापुरतं राहत नाही. अतिदक्षता विभागातल्या खाटेच्या कठड्यावर टिकतं, हातांवरून पुढच्या रुग्णाकडे जातं, आणि नेहमीचं फ्लुकोनॅझोल त्याच्यावर बहुधा चालत नाही. कासादेवाल यांचा तर्क असा की पृथ्वी तापत चालली तशी ही बुरशी उष्णता सोसायला शिकली आणि आपली ३७ अंशांची भिंत तिला ठेंगणी झाली. तो अजून तर्कच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये घातक बुरश्यांची आपली पहिली यादी काढली, तेव्हा कॅन्डिडा ऑरिसला सर्वांत वरच्या गटात ठेवलं आणि म्युकरच्या कुळाला त्याखालच्या.

मुंबईच्या उपनगरांत आज अशी हजारो माणसं आपल्या अवतीभोवती आहेत, ज्यांचा पहारा औषधांनी मुद्दाम ढिला ठेवलेला आहे. मूत्रपिंड बदललेले, केमोथेरपी चाललेले, संधिवातासाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेणारे. पन्नास वर्षांपूर्वी यांतले बरेच जण जगले नसते. ते लोकलने कामाला जातात, मुलांची लग्नं करतात, ही वैद्यकाची केवढी तरी कमाई आहे. म्हणून स्टिरॉइडला घाबरून ते मनाने बंद करू नका, ते आणखी धोक्याचं आहे. घरात कुणाला ते सुरू झालं असेल तर रोज साखर मोजा, पूर्वी मधुमेह नसला तरीही. अशा माणसाला पावसाळ्यात कुंड्यांची माती उकरायला आणि बुरशी आलेलं कपाट झाडायला लावू नका. आणि त्याने एका बाजूचा गाल दुखतो, नाकातून काळपट येतं, वरचा दात हलायला लागला, एकाच्या जागी दोन दिसतात, यांतलं काहीही सांगितलं, तर सोमवारची वाट पाहू नका. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.